मास्टरांच्या दोरीवरचं बदक

पालेगावात मी ज्या घरात भाड्याने राहायचो, त्याच्या गच्चीवर दोऱ्यांची कमतरता नव्हती. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खिळे ठोकून एकाखाली एक अशा चांगल्या आठ दोऱ्या ताणलेल्या होत्या. पण एकदा मी माझा ओला टॉवेल त्यांतल्या एकीवर टाकायला गेलो, तर खालून जिन्यातून आवाज आला, "सर, घोऱ्यावर नका टाकू."

टॉवेल मी खांद्यावर ठेवला. घोड्याखालच्या दोरीवर कोंबडी होती, तिच्याखाली बदक, मग बेडूक, मग ट्यूना मासा, मग गहू, मग पावातलं यीस्ट. सगळ्यात वर माणूस. प्रत्येकाची एक लांबलचक पट्टी, इंचभर रुंदीच्या रंगीत चिंध्या शेजारी शेजारी शिवून केलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, घरात लग्न आहे. जवळून पाहणाऱ्याला काय वाटायचं ते विचारायची सोय नव्हती, कारण जवळ येईल त्याला घरमालक धरून बसवायचे आणि जीवसृष्टीच्या सुरुवातीपासून सांगायला घ्यायचे.

घरमालकांना सगळे मास्टर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध सातवीत संपला होता. उल्हासनगरात कॅम्प पाच या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात ते तीस वर्षं कटिंग मास्टर होते. म्हणजे पुठ्ठ्याचा फर्मा करायचा, तो कापडाच्या थरांवर ठेवून खडूने आखायचं आणि मशीनने कापायचं. त्यांच्या हाताखालून किती हजार ढुंगणं गेली असतील याचा हिशोब त्यांनी ठेवला नव्हता, पण माणसाच्या तोंडाकडे ते शेवटी बघायचे. आधी कंबर, मग शिवण, मग खिसे. खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पँटचा पुरचा फर्मा कॅम्प पाचचा हाय, मागचा दुसऱ्याच कारखान्याचा. कवा घेतली?" डिपॉझिटचं नंतर बोलले. स्वतः मात्र जन्मभर पांढरा लेंगा. टेप कायम गळ्यात. पुतण्याच्या हळदीतही टेप गळ्यात होता, आणि फोटोग्राफर तो काढा म्हणाला तर हेच फोटोतून बाजूला झाले.

आता हा माणूस प्रोटीनच्या नादाला कसा लागला, तर त्याला मीच जबाबदार. मी तेव्हा उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होतो. तासिका तत्त्वावरच्या माणसाला पगार कमी असतो, त्यामुळे तो ज्ञानाचा रुबाब जास्त करतो. पहिल्याच आठवड्यात मास्टरांनी चहा पिता पिता विचारलं, "सर, जीव कवा सुरू जाला? पयला जीव कसा व्हता?"

मी बशी खाली ठेवली आणि वर्गातला आवाज लावला. म्हटलं, मास्टर, शरीरातली सगळी कामं प्रोटीन करतात. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. कुठला मणी कुठल्या नंतर, यावर सगळं. पण पहिल्या जिवाची प्रोटीनं कुजून गेली. दातात, अंड्याच्या कवचात काही लाख वर्षांपूर्वीची सापडतात, पण अब्जावधी वर्षांपूर्वीचं काही टिकत नाही. त्यामुळे ते कुणालाच कळणार नाही. विषय संपला, अशा अर्थाने मी बशी परत उचलली.

मास्टरांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "पन त्याची पोरां हायत ना?"

"कोणाची?"

"पयल्या प्रोटीनची. तुमच्यात, माझ्यात, बेरकात, गव्हात. नातवंडां-पतवंडां हायत ना? मंग कसं कलनार नाय? शेटचा पयला फर्मा उंदरांनी खाल्ला व्हता. मी धा कारखान्यांतल्या पँटी उसवून तो परत काढला."

मी हसलो. मोठ्या माणसाच्या अज्ञानावर हसतात तसं, प्रेमाने. मग वर खोलीत जाऊन मोबाइलवर शोधलं. निघालं असं की जगभरच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत लोक नेमकं तेच करत होते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांची प्रोटीनं शेजारी शेजारी लावायची, कुठे काय बदललं ते बघायचं, आणि मागे मागे जात पूर्वजाचं प्रोटीन कसं असेल ते ठरवायचं. इतकंच नाही, ते तयार करून परीक्षानळीत चालवूनही बघायचं. माझ्या पदव्युत्तर पदवीला हे माहीत नव्हतं. कॅम्प पाचला माहीत होतं.

ते सगळं मी दुसऱ्या दिवशी मास्टरांना सांगितलं आणि माझे रविवार संपले.

मण्यांच्या माळेवर मास्टरांचा विश्वास बसला नाही. "मनी कशाला? कपराच लावू." त्यांनी डालडाचे जुने वीस डबे आणले आणि वीस तऱ्हेच्या चिंध्या भरल्या. पिवळं पॉपलिन, केशरी सॅटिन, निळं डेनिम, हिरवं कॉर्डरॉय, अस्तराचं पांढरं, असं. पेशी श्वास घेते तेव्हा कामाला येणारं एक प्रोटीन मी निवडलं, कारण ते माणसापासून यीस्टपर्यंत सगळ्यांत असतं आणि शंभरेक मण्यांतच संपतं. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं. मी मोबाइलवर बघून एकेक चिंधी टाचणीने पट्टीवर लावायची, मास्टरांनी खाली मशीनवर शिवायची. बदल्यात मास्टरांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, हातची तांदळाची भाकरी आणि कोलंबी. मला विचाराल तर विज्ञानाची निम्मी प्रगती जेवणाच्या वासावर झाली असावी.

पट्ट्या एकाखाली एक टांगल्यावर मात्र मीही जवळ जाऊन वाकून बघायला लागलो. काही ठिकाणी वरून खालपर्यंत, माणसापासून यीस्टपर्यंत, एकच रंग सरळ उतरत होता. एवढ्या वर्षांत कुणी हात न लावलेला. मास्टर त्या उभ्या पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "यो फर्म्याचा कना. यो हलला तर पँट उभीच राहत नाय." चिंपांझी टांगायला त्यांनी साफ नकार दिला. त्याचं हे प्रोटीन आणि आपलं तंतोतंत एकच आहे असं मी सांगितल्यावर म्हणाले, मग चिंध्या कशाला वाया घालवायच्या, माणसाच्या पट्टीवर त्याचंही नाव लिहा. लिहिलं. काकींना यीस्टची ओळख त्यांनी लांबची नणंद म्हणून करून दिली. काकी परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी वरही न बघता सांगितलं, "तुमच्याकरची असंल. आमच्याकरं कोन अशी फुगत नाय."

एकदा मी त्यांना सांगितलं की अशी परत तयार केलेली पुराणी प्रोटीनं पुष्कळदा आजच्यापेक्षा जास्त उष्णता सहन करतात, त्यावरून काही जणांना वाटतं की सुरुवातीचा जीव गरम पाण्यात राहत असावा. मास्टर खूश झाले. कोरं डेनिम कधीच खरं नसतं, गरम पाण्यातून निघालेलं तेच पुढे टिकतं, हे ते तीस वर्षं सांगत आले होते. मी घाईने म्हटलं, सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद आहेत. "वाद असनारच. आपन कुठं व्हतो बघायला?" वर मी असंही सांगितलं की अगदी सुरुवातीला वीस मणी नसावेतच, दहाबारांवर काम चालत असावं. त्यावर त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि पहिल्या जिवाचं वर्णन एका वाक्यात केलं. "दोन पाय आनि एक नारा. खिसे नंतर."

पण त्यांचा खरा सिद्धांत वेगळा होता, आणि तो त्यांना फुकट मिळालेला नव्हता.

कॅम्प पाचला असताना त्यांच्या शेटने एकदा त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. शेट सिंधी, माणूस तसा मोकळा, पण कानाचा हलका. त्याच्या कारखान्यातला फर्मा दुसऱ्या कारखान्याने जसाच्या तसा वापरलेला दिसला. फर्मा मास्टरांच्या ताब्यात असायचा, म्हणजे विकला त्यांनीच. सगळ्या कारागिरांसमोर शेट त्यांना बोलला. मास्टरांनी त्या दुसऱ्या कारखान्याची एक पँट आणली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्या मूळ फर्म्यात एक चूक होती. उजव्या बाजूचा तो छोटा चिल्लरचा खिसा, तो आखताना फार पूर्वी त्यांचा खडू घसरला होता, त्यामुळे तो जरासा तिरका बसायचा. त्या पँटीतही तिरका. शेट म्हणाला, बघ, तुझाच. मग मास्टरांनी मागचा खिसा दाखवला. तिथे एक खाच जास्त होती. ती मूळ फर्म्यात नव्हती. ती होती फक्त एका नकलेत, जी शेटच्या मेव्हण्याने घरी बसून कापली होती. पुढचं शेटला कळलं. मेव्हण्याचं काय झालं ते मास्टरांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायचे की शेटने माफी मागितली, पण ती केबिनमध्ये. आळ घेतला होता तो सगळ्यांसमोर.

"दोघांचं बरोबर सारखं असलं तर काय सिद्ध होत नाय," मास्टर बोट वर करून सांगायचे. "बरोबर कोन पन करंल. चूक सारखी असली, की समजायचं एकानं दुसऱ्याचं बघून कापलं."

हे ऐकून मी मान डोलवायचो. त्याच माणसाच्या घरात बसून अशाच एका रविवारी मी काय करून ठेवलं होतं, हे तेव्हा माझ्याही लक्षात नव्हतं.

झालं होतं ते असं. ट्यूना मासा लावताना पिवळ्या पॉपलिनचा डबा रिकामा झाला. आणखी एकच पिवळी चिंधी हवी होती. खाली जाऊन कापडातून कापून आणायची, म्हणजे दोन जिने. मी शेजारच्या डब्यातली केशरी लावली आणि मनात म्हटलं, नंतर बदलू. मग बदक घेतलं. ते अर्ध्यावर आलं तेव्हा मोबाइलची बॅटरी संपली, लाइट गेलेली होती, आणि खालून कोलंबीला फोडणी बसल्याचा आवाज आला. समोर दोरीवर ट्यूना लटकत होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत या प्रोटीनमध्ये असा कितीसा फरक असणार, असा शास्त्रीय विचार करून मी बदकाची पुढची अर्धी पट्टी माशाकडे बघून लावून टाकली. हेही नंतर बदलणार होतो. मास्टरांनी विचारलं, "नीट लावलं ना?" मी म्हटलं, "दोनदा तपासलं." परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलांना मी दरवर्षी काय काय बोलायचो, ते इथे लिहीत नाही.

तीन आठवड्यांनी मास्टर जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत, भाडेकरूच्या खोलीत जाऊ नये असा त्यांचा नियम होता. बदक पुढून कोंबडीशी जुळतं आणि मागून माशाशी, असं त्यांना दिसलं होतं. आणि पुरावा? सगळ्यांना जिथे पिवळं आहे, तिथे फक्त मासा आणि बदक या दोघांनाच केशरी. सारखी चूक.

"पुरचा फर्मा पाखराचा, मागचा माशाचा," ते म्हणाले. "म्हनून तो पान्यात जातो, सर. हे कोनाला ठावं नसंल."

मला आधी काही कळेना. मग कोलंबी आठवली. तोंड उघडलं तर त्यातून बाहेर पडलं, "वा, मास्टर." त्या दोन शब्दांनंतर माझ्यासाठी परतीचा रस्ता बंद झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत होतं.

बरं, एवढ्यावर थांबेन तर मी कसला. त्याच्या आधीच मी कॉलेजात प्राचार्यांना मास्टरांबद्दल रंगवून सांगितलं होतं आणि विज्ञान दिनाला त्यांचं भाषण ठरवून घेतलं होतं. प्रोटीनवर काम करणाऱ्या मुंबईच्या एक शास्त्रज्ञ बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. मास्टरांनी नवा लेंगा शिवला. आणि एक दिवस सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शेटला पन बोलवलंय. येतो बोललाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, टेप गुंडाळत राहिले. केबिनमध्ये मिळालेली माफी त्यांना सगळ्यांसमोर हवी होती, आणि ती मागून घेणार होते ते माझ्या बदकाच्या जोरावर.

दोन आठवडे मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. एकदा तर खाली गेलोही. काकींनी भाकरी वाढली. भाकरी खाऊन वर आलो.

विज्ञान दिनाला आम्ही पट्ट्या गुंडाळून रिक्षाने उल्हासनगरला नेल्या. सभागृहात फळ्यावर दोऱ्या बांधल्या. मुलं भरलेली, पहिल्या रांगेत बाई, त्यांच्या शेजारी पांढऱ्या सफारीतला शेट. मी तिसऱ्या रांगेत, दाराजवळ. जागा विचारपूर्वक निवडली होती.

मास्टर बोलले, आणि काय बोलले! फर्मा, उंदरांनी खाल्लेला फर्मा, नातवंडं, कणा, गरम पाणी, नाडा. माझ्या तासाला झोपणारी मुलं वाकून ऐकत होती. मग त्यांनी सारख्या चुकीचा नियम सांगितला. शेटचं नाव न घेता. शेट खाली बघत होता. आणि मग त्यांनी बदकाच्या पट्टीवरच्या केशरी तुकड्यावर बोट ठेवलं.

बाईंनी मोबाइल काढला. थोडं शोधलं. मग अगदी हळू, मास्टरांना लागू नये अशा आवाजात म्हणाल्या, "मास्टर, ट्यूनामध्ये इथे केशरी नाहीये. सगळ्यांसारखं पिवळंच आहे. आणि बदकाची ही बाजू बदकाची नाही, ही बरीचशी ट्यूनाचीच आहे."

मास्टरांचं बोट तिथेच राहिलं. शेट खुर्चीत मागे रेलून हसला. "साईं, मास्टर, ये तो तूने ही जोडा होगा ना? पुरानी आदत."

मुलं हसली. मास्टरांनी पट्टी हातात घेतली, केशरी तुकडा उलटा करून टाचणीची भोकं बघितली. मग माशाची बघितली. मला माहीत होतं ते काय बघतायत. चिंधीला मी दोन टाचण्या लावायचो; शिवताना निसटलेली चिंधी ते परत लावायचे, तेव्हा एकच. त्यांना कळलं. त्यांनी मान वर केली आणि थेट तिसऱ्या रांगेत बघितलं. माझं नाव घेतलं असतं तर एका क्षणात मोकळे झाले असते. घेतलं नाही. मुलांकडे वळून म्हणाले, "मासा आनि बदक, दोघांची चूक सारखी. सांगा, काय जालं असंल?"

"कॉपी," मागून कुणीतरी म्हणालं.

"कोनी केली?"

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी उभा राहिलो ते दाराकडे जायलाच, असं आज कबूल करतो. पण उभा राहिलो तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग दुसरं काही सुचेना.

"मी केली," मी म्हटलं. "पिवळं संपलं होतं. बदक माशाकडे बघून लावलं. मास्टरांना मी दोनदा तपासलं म्हणून सांगितलं. त्यांचा काही संबंध नाही."

माझ्याच वर्गाच्या मुलांनी जी टाळी वाजवली, ती मी विसरू शकणार नाही. ती कौतुकाची नव्हती. मास्टर शेटकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही. शेट जरा वेळ चुळबुळला, मग उठला, सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाला, "माफ करना, मास्टर. आज का भी, और पहले का भी." आणि बसला.

बाईंनी नंतर मास्टरांना सांगितलं की बदक गेलं तरी नियम पक्का आहे, त्या स्वतः रोज त्यावरच पोट भरतात. मास्टरांना ते ऐकू आलं का नाही, सांगता येत नाही. ते बदकाची पट्टी गुंडाळत होते. मला नंतर कळलं, बदकावर त्यांचा जीव जडला होता.

रिक्षात अंबरनाथ येईपर्यंत ते बदकाची गुंडाळी मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "दोन आठवरे गप बसलात."

"भीती वाटली, मास्टर."

"कोलंबी बंद होईल म्हनून?"

खरं होतं. कोलंबी बंद झाली नाही. मात्र पुढे वर्षभर काकी ती वाढताना विचारायच्या, "दोनदा तपासलीत ना?" माशाची केशरी चिंधी मास्टरांनी उसवून पिवळी लावली. बदकाची नवी पट्टी माझ्याकडून करून घेतली, समोर बसून. जुनी फेकली नाही. सगळ्यांच्या खाली नववी दोरी ताणून ती एकटीच टांगली. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, हा प्राणी फक्त पालेगावात सापडतो.

मास्टर गेले त्याला आता काही वर्षं झाली. घराच्या जागी इमारत आली, काकी मुलीकडे मांजर्लीला गेल्या. मीही लग्न करून बदलापूरला आलो. परवा स्टेशनबाहेरच्या एका गाड्यावर जीन्स बघत होतो. सवयीने बोट उजव्या बाजूच्या छोट्या खिशात घातलं, तर ते सरळ आत जाईना. खिसा जरासा तिरका होता. दुसरी पँट घेतली, तिचाही तिरका. मागच्या खिशाला जास्तीची खाच नव्हती. म्हणजे ही पँट मेव्हण्याच्या नकलेवरची नव्हती, सरळ मास्टरांच्या मूळ फर्म्यावरून आलेली होती.

गाडेवाला म्हणाला, "फॉल्टी आहे साहेब तो पीस. दुसरा देतो, सरळ खिशाचा."

म्हटलं, नको, हाच दे. कमरेत एक इंच घट्ट होती. तरी घेतली.